मधल्या फळीतला माणूस : दिदिए झोकोरा, आबिजान ते बालेवाडी

फुटबॉलचा इतिहास बहुधा गोल करणाऱ्यांच्या नावाने सांगितला जातो. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशाचे नाव निघाले की आपल्याकडच्या फुटबॉलवेड्या तरुणाला लगेच दिदिए द्रोग्बा आठवतो. परंतु त्या देशाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा मान द्रोग्बाकडे नाही. तो दुसऱ्या एका दिदिएकडे, म्हणजे दिदिए झोकोराकडे आहे. २००० ते २०१४ या काळात झोकोरा देशासाठी १२३ सामने खेळला. या १२३ सामन्यांत त्याच्या नावावर गोल आहे तो फक्त एक.

हा झोकोरा २०१५ च्या पावसाळ्यानंतर पुण्यात आला, एफसी पुणे सिटी या संघाकडून एक हंगाम खेळला आणि निघून गेला. महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात ही नोंद फार तर एका ओळीची. तरीही ती ओळ उलगडू लागलो की आबिजानची शाळा, बेल्जियमची खाण, फ्रान्समधले किराणा दुकान, गोव्याचे लोहखनिज आणि मुंबईच्या गिरण्या अशी बरीच मंडळी तिच्यामागे रांगेने उभी असलेली दिसतात. प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करायचा आहे. एक, असा खेळाडू घडतो कसा? दोन, तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला? आणि तीन, तो आला तेव्हा आपण त्याच्याकडून काय घेतले?

धुऱ्याचे काम

फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकासाठी आधी थोडे खुलासेवार सांगितले पाहिजे. संघातल्या अकरा जणांत एक गोलरक्षक. त्याच्यापुढे बचावफळी, सर्वांत पुढे आघाडीची फळी आणि या दोहोंच्या मध्ये मधली फळी. मधल्या फळीतही कामाची वाटणी असते. कोणी पुढे घुसून आघाडीच्या खेळाडूंना चेंडू पुरवतो, तर कोणी मागे, बचावफळीच्या अगदी समोर उभा राहतो. झोकोरा हा या दुसऱ्या प्रकारचा. समोरच्या संघाची चाल मैदानाच्या मध्यातच मोडायची, कोणाच्याही ताब्यात नसलेला चेंडू आधी गाठायचा, तो आपल्यातल्या सरस खेळाडूकडे सरळ पासने द्यायचा आणि आपला बचावपटू पुढे गेला असेल तर त्याची रिकामी जागा भरून काढायची, एवढे त्याचे काम.

धानशेती पाहिलेल्याला हे काम लगेच कळेल. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत पाणी अडते ते धुऱ्यामुळे. पीक जोमात असताना धुऱ्याकडे कोणी पाहत नाही. तो एका जागी फुटला की मात्र सगळा गाव धुऱ्याबद्दल बोलू लागतो. बचावात्मक मिडफिल्डरचेही तसेच आहे. आयव्हरी कोस्टच्या संघात याया तुरे हा धिप्पाड मिडफिल्डर चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपर्यंत मुसंडी मारी, तेव्हा मागचे दार सांभाळायला झोकोरासारखा कोणीतरी मागे असे. मुसंडीची चित्रफीत वर्षानुवर्षे फिरत राहते, दार सांभाळणाऱ्याची कोणी काढत नाही. मायदेशात मात्र झोकोराला ‘माएस्त्रो’ म्हणजे उस्ताद हे टोपणनाव मिळाले. आपल्या लोकांना त्याचे काम दिसत होते, असाच याचा अर्थ.

व्यापारी नोकरांचा क्लब, अनवाणी पोरे

झोकोराचा जन्म १४ डिसेंबर १९८० चा, आबिजान शहरातला. तिथल्या आसेक मिमोसास या क्लबने त्याला घडवले. १९४८ साली स्थापन झालेल्या या क्लबच्या नावाच्या आद्याक्षरांतच त्याचा उगम आहे. व्यापारी पेढ्यांतील नोकरांचे क्रीडामंडळ, असा त्यांचा साधारण अर्थ. पेढीतल्या कारकुनांनी काढलेला क्लब पुढे देशातला सर्वांत मोठा क्लब झाला आणि १९९८ मध्ये त्याने आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकली.

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात या क्लबने एक निराळा प्रयोग केला. झां-मार्क गियू हा फ्रान्सचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि क्लबचे अध्यक्ष रॉजे वेन्यां यांनी मिळून एक निवासी अकादमी उभी केली. शहरातल्या गल्ल्यांतून पोरे निवडायची, त्यांना एका आवारात राहायला, जेवायला आणि शिकायला ठेवायचे आणि रोज चेंडू द्यायचा, अशी ती योजना. गियूच्या पद्धतीचे एक वैशिष्ट्य पुढे जगभर गाजले. सुरुवातीच्या काळात तो मुलांना अनवाणी खेळवी. बूट नसले की चेंडूला लाथ घालता येत नाही, त्याला पायाने गोंजारावे लागते. ताकदीच्या आधी स्पर्श शिकायचा, हा त्यामागचा विचार.

या शाळेची फळे पाहिली तर थक्क व्हायला होते. कोलो आणि याया हे तुरे बंधू, इमॅन्युएल एबुए, सॅलोमन कालू, अरुणा दिंदान, जेर्विन्हो, गोलरक्षक बुबाकार बॅरी आणि आपला झोकोरा, सगळे त्याच आवारातले. १९९९ मध्ये आफ्रिकन सुपर कपसाठी आसेकची गाठ ट्युनिशियाच्या एस्पेरान्स या बलाढ्य क्लबशी पडली. आसेकचे जाणते खेळाडू तोवर पांगले होते. क्लबने अकादमीतली कोवळी पोरे मैदानात उतरवली आणि त्यांनी जादा वेळेत ३-१ असा विजय मिळवला. पुढच्या दशकातला आयव्हरी कोस्टचा राष्ट्रीय संघ त्याच शाळेच्या पटावरून निवडल्यासारखा दिसतो.

इथे एक गोष्ट अधोरेखित केली पाहिजे. आफ्रिकी खेळाडू ‘निसर्गतः’ दणकट असतात, म्हणून ते फुटबॉलमध्ये पुढे येतात, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. या अकादमीचा इतिहास त्या समजुतीला छेद देतो. या मुलांना निवड मिळाली, छप्पर मिळाले, पोटभर जेवण, वर्ग आणि एकच गुरू अनेक वर्षे मिळाला. म्हणून ती पुढे आली.

खाणकामगारांच्या गावातून

२००० साली झोकोरा बेल्जियमच्या गेंक या क्लबकडे गेला. गेंक हे कोळशाच्या खाणींचे गाव. तिथल्या खाणी बंद पडत होत्या त्याच काळात, १९८८ मध्ये, वॉटरस्काय आणि विंटरस्लाग या दोन खाणवस्त्यांचे क्लब एकत्र येऊन केआरसी गेंक हा क्लब झाला. खाण गेली तरी तिच्याभोवतीची माणसे आणि त्यांचा क्लब राहिला. २००१-०२ मध्ये गेंकने बेल्जियमची लीग जिंकली, त्या संघात झोकोरा होता.

२००४ मध्ये तो फ्रान्समध्ये सेंत-एतिएनला आला. हेही कोळशाचे आणि त्याबरोबर बंदुका बनवणाऱ्या कारखान्यांचे शहर. तिथल्या क्लबची सुरुवात ‘कासिनो’ या किराणा दुकानांच्या साखळीतील नोकरांनी केली. त्याचा हिरवा रंग त्या दुकानांचा आणि स्टेडियमला नाव आहे ते साखळीचा संस्थापक जोफ्रुआ गिशार याचे. जवाहरनगरसारख्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना ओळखीचे वाटते. कारखाना, त्याचा भोंगा, पाळ्या, क्वार्टर्स आणि संध्याकाळी मैदानावर जमणारी पोरे हे चित्र जगात सगळीकडे सारखेच. फरक एवढाच, की युरोपातल्या अशा वस्त्यांमधून क्लब उभे राहिले आणि कारखान्याचे दिवस फिरले तरी ते टिकले.

सेंत-एतिएनच्या दोन हंगामांनी झोकोराचे नाव झाले. २००६ च्या विश्वचषकानंतर लंडनच्या टॉटेनहॅम हॉटस्परने त्याला सुमारे ८२ लाख पौंडांना विकत घेतले. तिथे तो तीन हंगाम खेळला आणि एकही गोल करू शकला नाही. लंडनच्या प्रेक्षकांनी त्यावरून त्याची थट्टाही भरपूर केली. २४ फेब्रुवारी २००८ रोजी वेम्ब्लीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना तो चेंडू घेऊन एकटाच गोलरक्षकासमोर पोचला. पहिला फटका पीटर चेकने अडवला, परत आलेला चेंडू झोकोराने गोलच्या वरून मारला. चेल्सीचा गोल केलेला होता त्याचाच देशबांधव द्रोग्बाने. जादा वेळेत वुडगेटच्या गोलवर टॉटेनहॅमने २-१ असा विजय मिळवला आणि झोकोराला इंग्लंडमधले एकमेव विजेतेपद लाभले. एका सामन्यात संधी हुकणे आणि चषक उचलणे, दोन्ही त्याच्या वाट्याला आले.

पुढे स्पेनमधील सेव्हियाकडून तो २०१० चा कोपा देल रे जिंकला. २०११ मध्ये तुर्कस्तानातील त्रॅब्झॉनस्पोरकडे गेला. काळ्या समुद्रावरच्या या शहरात तो चांगलाच लोकप्रिय झाला.

कातडीचा रंग

त्रॅब्झॉनमधल्या दिवसांत घडलेला एक प्रसंग या कारकिर्दीतून वगळता येत नाही. एप्रिल २०१२ मध्ये फेनरबाहचेविरुद्धच्या सामन्यात एमरे बेलोझोग्लू या तुर्की खेळाडूने आपल्याला वर्णावरून शिवी दिली, अशी तक्रार झोकोराने केली. तुर्की महासंघाने एमरेवर दोन सामन्यांची बंदी घातली. शिक्षा फारच सौम्य आहे अशी टीका झाली. पुढच्या भेटीत झोकोराने एमरेवर असा टॅकल केला, की तो हिशेब चुकता करण्यासाठीच होता हे पाहणाऱ्या कोणालाही कळावे. २०१४ मध्ये तुर्की न्यायालयाने एमरेला दोषी ठरवून निलंबित स्वरूपाची कैद सुनावली. मैदानावरच्या वर्णद्वेषाची दखल फौजदारी न्यायालयाने घ्यावी, ही त्या देशात नवी गोष्ट होती.

झोकोराकडे नाव होते, वकील होता, मागे मोठा क्लब होता. या सगळ्यातले काहीच नसलेली पश्चिम आफ्रिकी पोरेही आपल्या देशात खेळायला येतात. केरळच्या मलबार भागात सात-सात खेळाडूंचा ‘सेव्हन्स’ फुटबॉल प्रचंड लोकप्रिय आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गावोगाव स्पर्धा चालतात आणि त्यांत खेळायला घाना, नायजेरिया, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट येथून तरुण येतात. मार्च २०२४ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात आयव्हरी कोस्टच्या अशाच एका तरुण खेळाडूला प्रेक्षकांच्या जमावाने मैदानातच पाठलाग करून मारहाण केली. वर्णावरून शिवीगाळ झाल्याची तक्रार त्याने पोलिसांत केली. झोकोराच्याच देशातला हा मुलगा. एकाला आपण विमानतळावर हार घातले, दुसऱ्यामागे धावलो. दोन्ही आपणच.

नारंगी जर्सी

झोकोराची खरी मिळकत मात्र क्लबांपेक्षा देशाच्या नारंगी जर्सीत आहे. सप्टेंबर २००२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये यादवी सुरू झाली. उत्तर भाग बंडखोरांकडे, दक्षिण सरकारकडे. राष्ट्रीय संघात मात्र दोन्हीकडची, निरनिराळ्या जमातींची आणि धर्मांची मुले एकत्र होती. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सुदानला ३-१ असे हरवून हा संघ पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला. सामन्यानंतर कपडे बदलण्याच्या खोलीत खेळाडूंनी कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून देशबांधवांना शस्त्रे खाली ठेवण्याची विनंती केली. बोलला द्रोग्बा, पण भोवती सगळा संघ होता. ३ जून २००७ रोजी बंडखोरांची राजधानी समजल्या जाणाऱ्या बुआके शहरात मादागास्करविरुद्धचा पात्रता सामना खेळवण्यात आला आणि आयव्हरी कोस्टने तो ५-० असा जिंकला. फुटबॉलने युद्ध थांबवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण २०१०-११ मध्ये तिथे पुन्हा रक्त सांडले. तथापि एका दुभंगलेल्या देशात ‘आम्ही’ हा शब्द काही काळ अकरा जणांनी वाहिला, हे खरेच आहे.

या पिढीला ‘सोनेरी पिढी’ म्हटले गेले. तिने २००६, २०१० आणि २०१४ असे तीन विश्वचषक खेळले. आफ्रिकन चषक मात्र सतत निसटला. २००६ मध्ये कैरोत यजमान इजिप्तविरुद्धचा अंतिम सामना गोलशून्य राहून पेनल्टी शूटआऊटमध्ये गेला. २०१२ मध्ये लिब्रव्हिलला झांबियाविरुद्ध तेच झाले, शूटआऊटचा निकाल ७-८. त्या संपूर्ण स्पर्धेत आयव्हरी कोस्टने शूटआऊट सोडता एकही गोल खाल्ला नव्हता. धुरा कुठेच फुटला नव्हता, तरी पीक हाती आले नाही.

२०१५ च्या फेब्रुवारीत घानाला शूटआऊटमध्येच हरवून आयव्हरी कोस्टने अखेर चषक जिंकला. तोवर झोकोरा संघाबाहेर गेला होता. १२३ सामने ज्याने ओझे वाहिले तो शेवटच्या जत्रेला नव्हता. त्याच वर्षी त्याने पुण्याचे विमान पकडले.

आपल्याकडची आयात

झोकोरा येण्याआधी भारतात पश्चिम आफ्रिकी खेळाडूंची एक पिढी होऊन गेली होती. ऐंशीच्या दशकात नायजेरियाचा चिमा ओकोरी कोलकात्याला आला. परदेशी खेळाडू न घेण्याचा जुना दंडक मोहन बागानने १९९१ मध्ये मोडला तो त्याच्यासाठी. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि वाट रुंद झाली. २००५-०६ ची लीग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकली तेव्हा आघाडीला घानाचा युसिफ याकुबू होता. गोव्यात धेंपो क्लबकडे रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा ओकोली हे दोघे नायजेरियन आघाडीवीर होते. २००७-०८ ते २०१२-१३ असे सलग सहा हंगाम आय-लीगमध्ये सर्वाधिक गोल या दोघांपैकी एकाच्या नावावर आहेत. रँटीने २०११-१२ च्या एका हंगामात ३२ गोल केले.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. आपण आफ्रिकेतून बहुतांशी गोल आयात केले. क्लबला तीन-चार परदेशी घेता येत असतील, तर मालक आधी आघाडीवीर शोधणार, कारण त्याचे मोल तक्त्यात लगेच दिसते. परिणामी भारतीय आघाडीवीराला क्लबमध्ये जागा मिळेना आणि राष्ट्रीय संघ गोलसाठी एका सुनील छेत्रीवर अवलंबून राहिला. खेळ बांधणारा, मधली फळी सांभाळणारा पश्चिम आफ्रिकी खेळाडू त्या मानाने कमी आला.

त्याला अपवाद म्हणून पुणे दाखवता येते. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेल्या पुणे एफसीकडून दुहू पिएर हा आयव्हरी कोस्टचा मिडफिल्डर अनेक हंगाम खेळला. युरोपची मोठी दारे त्याला उघडली नाहीत, पण पुण्यात तो रुळला. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २०१२-१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरे आले. क्लबची स्वतःची अकादमी होती आणि वयोगटांचे संघ होते. आबिजानच्या शाळेशी तुलना करण्याइतके ते मोठे नव्हते, परंतु दिशा तीच होती.

बालेवाडीचा हंगाम

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि चित्र पालटले. शहरांच्या नावाने संघ, मालकीत उद्योगसमूह आणि सिनेतारे, अडीच-तीन महिन्यांचा हंगाम आणि प्रत्येक संघाला एक नामांकित परदेशी तारा. सुरुवातीच्या तीन हंगामांत मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळवता येत, भारतीय किमान पाच असले की पुरे. पुण्याच्या संघाने पहिल्या वर्षी फ्रान्सचा दाविद त्रेझेगे आणला, दुसऱ्या वर्षी रुमानियाचा एद्रियान मुटू. त्याच दुसऱ्या वर्षी झोकोरा आला. वय चौतिशीच्या शेवटाला, अंगावर तीन विश्वचषकांचे श्रम.

प्रशिक्षक होते इंग्लंडचे माजी मिडफिल्डर डेव्हिड प्लॅट. घरचे मैदान बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले. ५ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथे पुण्याने मुंबईला ३-१ असे हरवून झोकात सुरुवात केली. तुर्कस्तानच्या तुंजाय शानलीने त्यात दोन गोल केले. पुढे गाडी घसरली. साखळीचे चौदा सामने संपले तेव्हा आठ संघांत पुणे सातवे होते.

याचा दोष एकट्या खेळाडूंवर टाकण्यात अर्थ नाही. बचावात्मक मिडफिल्डरचे काम हे ओळखीचे काम आहे. आपला डावा बचावपटू कधी पुढे जातो, कोणाला चेंडू पायात लागतो, कोणाला पुढे टाकलेला, हे वर्षानुवर्षे एकत्र खेळून अंगात मुरते. झोकोरा आणि तुरे बंधू पोरवयात एका आवारात खेळले होते. इथे निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे काही आठवडे एकत्र सराव करतात, अडीच महिन्यांत चौदा सामने खेळतात आणि पांगतात. आघाडीवीर अशा घाईतही एखाद्या क्षणात पैसे वसूल करून देतो. धुऱ्याची माती बसायला मात्र वेळ लागतो.

पुढच्या वर्षी झोकोरा गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडचा मुख्य तारा म्हणून परत भारतात आला. पुण्यानेही त्या वर्षी पश्चिम आफ्रिकी मिडफिल्डरच आणला. हा होता मालीकडून खेळलेला मोहम्मद सिसोको, लिव्हरपूल आणि युव्हेंटस गाजवून आलेला. त्याचाही एकच हंगाम. झोकोरा २०१७ मध्ये इंडोनेशियातील सेमेन पादांगकडे गेला. सिमेंट कारखान्याचा हा क्लब, नावातच सिमेंट असलेला. कारकुनांच्या क्लबपासून निघालेली वाट पुन्हा एका कारखान्याच्या क्लबपाशी संपत आली.

कच्चा माल, पक्का माल

जगातला सर्वाधिक कोको आयव्हरी कोस्टमध्ये पिकतो आणि चॉकलेट मुख्यतः युरोपात बनते. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज वर्षानुवर्षे बाहेर जाते, त्याचे पोलाद दुसरीकडे होते. फुटबॉलच्या बाजारालाही हेच गणित लावले जाते. आफ्रिका कच्चा माल देते, युरोप त्यावर प्रक्रिया करतो आणि झीज झालेला पक्का माल आशियात विकला जातो.

हे गणित अर्धेच खरे आहे, आणि आपल्यासाठी महत्त्वाचे आहे ते त्याचे न जुळणारे अर्धे. पहिले म्हणजे झोकोरा खनिज नव्हता. कुठे जायचे, कुठे थांबायचे, शिवी ऐकून घ्यायची की कोर्टात जायचे, हे त्याने स्वतः ठरवले. दुसरे म्हणजे त्याच्यावरची अवघड प्रक्रिया आबिजानमध्येच झाली होती. युरोपला गेला तो बहुतांशी घडलेला कारागीर. आयव्हरी कोस्टने खेळाडू गमावले, पण त्यांना घडवणारी शाळा उभारण्याचा कित्ता मागे राहिला. २००० च्या दशकातली पिढी थकल्यावर तो देश संपला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने घरच्या प्रेक्षकांसमोर तिसऱ्यांदा आफ्रिकन चषक जिंकला.

आपण मात्र नेमके उलट केले. तयार नावे विकत घेतली आणि घडवणारी घरे बंद केली. मुंबईत टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, रेल्वे यांचे संघ होते. कामगाराच्या पोराला खेळाच्या जोरावर नोकरी मिळे, नोकरीच्या आधारावर खेळ टिके. गिरण्या गेल्या तशी त्यांची मैदानेही गेली. महिंद्राने विजेतेपदानंतर चारच वर्षांत, २०१० मध्ये, संघ मोडला. एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगबाहेर झाली. गोव्यात धेंपो आणि साळगावकर या घराण्यांचे मूळ वैभव लोहखनिजाचे. २०१६ मध्ये सुपर लीगलाच वरचे स्थान देण्याच्या योजनेला विरोध म्हणून त्यांचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, स्पोर्टिंग क्लबही त्यांच्याबरोबर. पुणे एफसी २०१५ च्या सुमारास आटोपला. आणि ज्याच्या झगमगाटात हे सारे झाकले गेले तो एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादला गेली. खाण बंद झाल्यावरही गेंकचा क्लब उरला. पुण्यात खाण बंद झालेली नव्हती, तरी क्लब उरला नाही. कारण तो गावाचा कधी झालाच नव्हता.

विदर्भात या बाबतीत अगदीच अंधार आहे असे नाही. कामठीची फुटबॉल परंपरा जुनी आहे. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी ‘स्लम सॉकर’ सुरू केले, त्यांच्यावर पुढे ‘झुंड’ हा सिनेमाही आला. पावसात डबा लाथाडत खेळणारी पोरे पाहून त्यांना हे सुचले, असे सांगतात. आबिजानच्या गल्लीतल्या अनवाणी पोरांपासून हे फार दूर नाही. दूर आहे ते पुढचे सगळे, म्हणजे निवासी शाळा, दहा वर्षे टिकणारा गुरू आणि ज्याचे नाव मुलगा छातीवर अभिमानाने लावील असा गावचा क्लब.

दिदिए झोकोराची कारकीर्द गोलांच्या तक्त्यात शोधली तर हाती काही लागत नाही. ती शोधायची तर त्याच्या मागच्या शाळेत, खाणवस्तीत, किराणा दुकानाच्या हिरव्या रंगात शोधावी लागते. पुण्याने त्याला एका हंगामाचे मानधन दिले आणि त्याच्याकडून चौदा सामन्यांच्या साखळीतला खेळ घेतला. तो कसा घडला हे विचारायला त्या मोबदल्यात काही पैसे पडणार नव्हते. ते विचारायचे राहून गेले. कारखान्यांच्या वसाहतींत आणि नगरपालिकांच्या ताब्यात मैदाने अजून आहेत, पोरेही आहेत. हा प्रश्न विचारण्याची वेळ अजून टळलेली नाही.